शंभरातले निन्याण्णव

हुकुमचंद पटले मिस्त्रीला बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. राईस मिलमध्ये चाळीस वर्षं गेली, पण त्याला खुर्चीवर टेकून चहा पिताना पाहिलेला माणूस आमगाव रोडवर शोधून सापडला नसता. ग्लास हातात, कान मोटरकडे आणि एक पाय आधीच शिडीकडे निघालेला. पट्टा सुटला की हा वर, बेअरिंग कुरकुरलं की हा खाली. आसपासच्या चार गावांत पंप बिघडला, कूलर अडला, ट्रॅक्टरनं मान टाकली, तर लोक आधी मिस्त्रीला विचारत आणि मग दुकानात जात. यंत्राच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. याच शब्दानं एका माणसाची पाच वर्षं खाल्ली, आणि ते मिस्त्रीला कळलं तेव्हा ते कबूल करायला त्याच्या हातात जेमतेम आठवडा होता.

झालं असं. नऊ वर्षांपूर्वी भर हंगामात हा माणूस मिलच्या शिडीवरून खाली आला तो पायांनी नाही, धाडकन. खाली कोंड्याची पोती होती म्हणून हाडं वाचली. नाडी पाहिली तर मिनिटाला तीस. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात जाणारा करंटच तुटलाय. मग डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवला, त्याच्या तारा हृदयात सोडल्या, आणि मिस्त्री उठून बसला. बसला कसला, उभाच राहिला. महिन्याभरात पुन्हा मिलमध्ये हजर.

करंट, तार, बॅटरी. सगळं त्याच्याच रोजच्या बोलण्यातलं. त्यामुळे दुखणं राहिलं बाजूला आणि मिस्त्रीला त्या यंत्राचा अभिमानच चढला. दर वर्षी गोंदियाच्या एका दवाखान्यात कंपनीचा टेक्निशियन लॅपटॉप घेऊन येई. छातीवर चकती ठेवी, पडद्यावरच्या रेघा बघे आणि हिंदीत भराभर सांगून टाकी, “बैटरी बढ़िया, लीड बढ़िया, पेसिंग निन्यानवे परसेंट. अगले साल आना.”

आता ज्याचा जन्म राईस मिलमध्ये गेला, त्याला टक्का म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. क्विंटलभर धानातून सदुसष्ट किलो तांदूळ निघाला की मालक खूश, सत्तरी गाठली की मालकाला आकाश ठेंगणं. तिथे निन्याण्णव! मिस्त्रीनं तो कागद प्लास्टिकमध्ये घालून घेतला. लग्नात, बारशात, मंडईत जो भेटेल त्याला त्यानं तो आकडा सांगितला. ते मार्क नव्हते. पण विचारायचं कोणाला आणि कशाला? निन्याण्णव मिळाल्यावर कोणी पेपर पुन्हा तपासायला देतं का?

एवढ्यावर भागलं असतं तर हसून सोडून देता आलं असतं. पण त्याचा साडभाऊ शालीकराम मध्ये आला.

शालीकराम नवेगाव बांधजवळच्या गावचा. मिस्त्रीची बायको रामकली आणि शालीकरामची सुशिलाबाई सख्ख्या बहिणी. गडी धिप्पाड. रोवणीच्या दिवसांत पहाटेपासून चिखलात असायचा आणि वर गाणी म्हणायचा. महाशिवरात्रीला जवळच्याच, महादेवाच्या प्रतापगडाचा डोंगर दोनदा चढायचा, एकदा स्वतःसाठी आणि दुसऱ्यांदा दमलेल्या यात्रेकरूंची पोरं खांद्यावर घेऊन. तोही पाच वर्षांपूर्वी दोनदा चक्कर येऊन पडला आणि त्यालाही पेसमेकर बसला. पहिल्या तपासणीचा इंग्रजी कागद घेऊन तो थेट मिलवर आला. दुसरं कुठे जाणार?

“किती लिवला आहे?” त्यानं विचारलं.

मिस्त्रीनं चष्मा लावला. कागदावरून बोट फिरवत आणलं आणि एका ठिकाणी थांबवलं.

“बारा.”

“शंभरातून?”

“मंग का पन्नासातून?”

शालीकरामच्या तोंडचं पाणी पळालं. “डॉक्टर तं मने, सारं काई ठीक आहे.”

“डॉक्टर पेशंटले खरं सांगते का कधी?” मिस्त्रीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मनात खरंच कळवळा होता, हे त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. “घाबरू नोको. मशीन लागून आहे ना? पन चिखलात जाऊ नोको. वजन उचलू नोको. डोंगराचं तं नावच घेऊ नोको. बारा टक्क्यावर मोटर ताणली तं जरते, लेका.”

शालीकरामनं ते अक्षरशः पाळलं. बैलजोडी विकली, शेती ठेक्यानं दिली, आणि छपरीतल्या खाटेवर जाऊन बसला तो बसलाच. सुशिलाबाई त्याला पाण्याची बादलीही उचलू देईना. पुढच्या वर्षी अकरा आले, त्याच्या पुढच्या वर्षी चौदा. चौदा आले तेव्हा मिस्त्रीनं फोनवर त्याचं अभिनंदन केलं होतं.

आणि आता गेल्या वर्षीपासून मिस्त्रीचंच काहीतरी बिनसलं. शिडीच्या निम्म्यावर दम लागायचा. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतायचा. आडवा झाला की छातीवर धानाचं पोतं ठेवल्यासारखं व्हायचं, म्हणून उशीवर उशी चढत चढत तीन झाल्या. जो माणूस हौसेनं बसत नव्हता, त्याला आता निजताही येईना. खाटेवरून उठ, अंगणात जा, परत ये, खुर्ची खिडकीपाशी ओढ, ती नको म्हणून दाराशी ओढ. जिवाला क्षणाची उसंत नव्हती.

“अजी, दवाखान्यात चला ना,” रामकली म्हणायची.

“कायले? कोंडा बसला छातीत. मशीन दोन महिन्याआंधी चेक झाली. निन्याण्णव आहे, निन्याण्णव!”

यावर ती तरी काय बोलणार? नऊ वर्षं तोच आकडा ऐकून तिचाही त्यावर विश्वास बसला होता. पण जुलैच्या सुरुवातीला मिस्त्री मिलमध्ये पाना उचलताना मटकन खाली बसला आणि बसल्यावर उठेना, तेव्हा तिनं वाद घालणं सोडलं. गोंदियाला दिलेल्या मुलीनं, भूमेश्वरीनं, हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावला. मिस्त्रीला सांगितलं, नातवाचा वाढदिवस आहे. वाढदिवस फेब्रुवारीत होऊन गेला होता, पण आजोबांना कोणाचे वाढदिवस लक्षात असतात?

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी मिस्त्रीला कुशीवर निजवलं, छातीवर थंड जेल लावून इको सुरू केला. पडद्यावर त्याचं हृदय दिसू लागलं. मिस्त्रीनं मान वळवून पाहिलं आणि पाहतच राहिला. चाळीस वर्षं चालती यंत्रं बघितलेले डोळे ते.

“मॅडम,” तो म्हणाला, “हे दोन्ही भिताडं संगं चालून नाई राहिले. एक आंधी हालते, अना दुसरं मागून येते.”

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. “बरोब्बर ओळखलंत काका. हाच तुमचा आजार आहे.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. हृदयाचा स्वतःचा करंट असतो तेव्हा दोन्ही बाजू एकदम आवळतात. मशीनची तार उजव्या कप्प्यात असते, ती तिथून धक्का देते. म्हणून उजवी बाजू आधी आणि डावी उशिरा. सगळ्यांना त्याचा त्रास होत नाही. काहींचं हृदय मात्र अशा चालीनं वर्षानुवर्षं थकत जातं, डावी भिंत ढिली पडते आणि पंप कमजोर होतो. तुमच्या पंपाची ताकद साठ टक्क्यांच्या आसपास हवी, ती तीसवर आलीय.

“म्हन्जे मशीन खराब निंघाली?”

“मशीन उत्तम आहे. ती नसती तर तुम्ही नऊ वर्षांपूर्वीच गेला असता. पण मशीन तपासली म्हणजे हृदय तपासलं असं नाही ना, काका. मागचा इको कधी केला होता?”

“मशीन बसवली तवा.”

“आणि मधली नऊ वर्षं?”

मिस्त्रीनं खिशातून प्लास्टिकमधला कागद काढला. तो असा पुढे केला, जसा शाळेत प्रगतिपुस्तक दाखवतात. “हे पाहा. निन्याण्णव टक्के.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. “काका, याचा अर्थ शंभरातले निन्याण्णव ठोके मशीन देते. तुमचं हृदय स्वतः एक देतं. हा आकडा जितका मोठा, तितकं जास्त लक्ष ठेवावं लागतं.”

मिस्त्री कागदाकडे बघत होता. रामकली मात्र त्याच्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तिच्या डोक्यात दुसराच आकडा आला होता.

“मॅडम,” तिनं विचारलं, “अना कोनाचा बारा टक्के असन तं?”

“मग छानच. म्हणजे अठ्ठ्याऐंशी ठोके त्यांचे स्वतःचे. बाकी तपासण्या ठीक असतील तर चालावं, फिरावं, शेती करावी. कोणाचा आहे?”

मिस्त्रीनं कागद खिशात घातला.

गोळ्या सुरू झाल्या. अंगातलं पाणी काढायची एक गोळी रोज सकाळी, न चुकता. पुढच्या गुरुवारी नागपूरला ऑपरेशन. डाव्या बाजूला आणखी एक तार टाकायची, म्हणजे दोन्ही भिंतींना एकदम धक्का बसेल आणि बहुतेक पंप सुधारेल. मिस्त्रीला यातलं सगळं समजलं आणि पटलंही. एरवी त्यानं तारेच्या जाडीपासून सगळं विचारून डॉक्टरांना भंडावलं असतं. आज तो औषधांची पिशवी घेऊन सरळ ऑटोत जाऊन बसला.

“मी नाई सांगनार माह्या बयनीले,” घरी आल्यावर रामकली म्हणाली. “कोनत्या तोंडानं सांगू? तुमीच सांगा.”

“ऑपरेशन होऊन जाऊ दे. मंग सांगतो.”

“अना नाई उठले तुमी ऑपरेशनातून तं?”

बोलून गेली आणि तिनं पदर तोंडाशी नेला. पण शब्द बाहेर पडला तो पडलाच. मिस्त्री मेला तर शालीकराम जन्मभर त्या खाटेवर बसून राहील, कारण मिस्त्रीचा शब्द शेवटचा. आता तर मेलेल्या मिस्त्रीचा शब्द, तो कोण खोडून काढणार?

पुढचे चार दिवस त्यानं कसे काढले, ते त्यालाच माहीत. गोळ्यांनी सूज उतरली, दम थोडा कमी झाला, पण चैन कशी ती पडेना. फोन उचलायचा, नंबर लावायचा, घंटी वाजायच्या आत तोडायचा. दाराशी जायचा, परत यायचा. एकदा घंटी वाजली आणि पलीकडून शालीकरामचा आवाज आला, तेव्हा हा बहाद्दर पाऊसपाण्याची चौकशी करत बसला.

“पाऊस बेस आहे,” शालीकराम म्हणाला. “रोवना सुरू आहे. मी आपला पाहून राहिलो बसल्याबसल्या. पन एक सांगू का, हुकुमचंद? तू तवा टोकलास म्हनून मी आजपावेतो जित्ता आहो. नाई तं कवाचाच चिखलात पडून मेलो असतो.”

मिस्त्रीनं फोन ठेवला आणि भिंतीला धरून उभा राहिला. त्यानं शिव्या खाल्ल्या असत्या, मार खाल्ला असता. पण हे आभार त्याला गिळवेनात. फोनवर हे सांगायचं नाही, एवढं त्याच क्षणी ठरलं.

मंगळवारी रामकली दवाखान्याच्या कार्डाचे कागद आणायला ग्रामपंचायतीत गेली आणि मिस्त्री निघाला. तिला घेऊन गेला असता, पण दोन बहिणींच्या समोर मान खाली घालायची हिंमत त्याच्यात नव्हती. निघताना त्यानं पाण्याची गोळी खिशात टाकली आणि पुन्हा कोनाड्यात, बरणीमागे ठेवून दिली. ती घेतली की दर अर्ध्या तासानं जावं लागतं. दोन-अडीच तासांच्या बसमध्ये म्हाताऱ्यानं काय करायचं? एक दिवस नाही घेतली तर काय होतंय, असं त्यानं ठरवलं. माणूस शिकतो, पण सगळं एकदम शिकत नाही.

नवेगाव बांधला उतरून त्यानं टिंकू नावाच्या ओळखीच्या पोराचा ऑटो केला. गावाच्या अलीकडे टिंकूनं ब्रेक मारला. शेतांमधून घराकडे जाणाऱ्या पांदणवाटेत गुडघाभर चिखल, ऑटो आत जाणं शक्य नव्हतं. “मामाजी, यहाँसे पैदलच जाना पड़ेगा. मी इथंच थांबतो.” मिस्त्रीनं धोतर खोचलं, चपला हातात घेतल्या आणि धुऱ्याधुऱ्यानं, शेताच्या बांधावरून, चालत निघाला. चारदा थांबला. घर गाठलं तेव्हा छातीचा भाता झाला होता.

शालीकराम छपरीत खाटेवर होता. जुलैच्या दमट दुपारी गळ्याला मफलर. समोर त्याच्याच बांधीत ठेकेदाराच्या बाया ओणव्या होऊन रोवणी करत होत्या.

“अरे! सुशिला, भाऊजी आले, चाय ठेव,” तो हरखून म्हणाला. “काऊन एवढा हापून राहिलास? बस. यंदाचा कागद आनला का? किती आला?”

“तोच सांगाले आलो,” मिस्त्री म्हणाला. तो बसला नाही. खांबाला धरून उभ्याउभ्या त्यानं सगळं एका दमात सांगून टाकलं, कारण दुसरा दम मिळेल याची खात्री नव्हती. निन्याण्णव म्हणजे काय. बारा म्हणजे काय. गुरुवारच्या ऑपरेशनचं मात्र त्यानं सांगितलं नाही. ते सांगणं म्हणजे दया मागणं झालं असतं.

शालीकरामनं गळ्यातला मफलर सैल केला.

“म्हन्जे बारा चांगला?”

“चांगला. अठ्ठ्याऐंशी ठोके तुहे सोताचे. मशीन फकस्त अडल्यावर हात देते.”

“हे आता कोन सांगलं?”

“डॉक्टरीन.”

“अना तवा कोन सांगलं होतं?”

“कोनी नाई,” मिस्त्री म्हणाला. “मीच.”

सुशिलाबाई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं ते तिथेच जमिनीवर ठेवले. “पाच वर्षं मी ह्यायले बादली उचलू नाई देली, भाऊजी,” ती म्हणाली.

शालीकराम उठला. ओरडला असता तर बरं झालं असतं. “बैलं इकले मी,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “पाच रोवने गेले. नातू मने, आजा, खांद्यावर घे. मी त्याले सांगलो, आजा बिमार आहे, बावा. रोज सकारी उठून हात जोडत होतो, आज बी जगलो म्हनून. तुले समजत नोहोतं तं, नाई समजत, एवढं म्हनता आलं नाई तुले?”

“नाई आलं,” मिस्त्री म्हणाला. खरं तेच होतं. चाळीस वर्षांत ‘नाई समजत’ हे वाक्य त्यानं कोणासमोर उच्चारलं नव्हतं.

“निंघ.”

मिस्त्री निघाला. सांगून झालं की हलकं वाटेल, अशी त्याची कल्पना होती. तसलं काही झालं नाही. पाय जड झाले होते, चिखल जास्त खोल लागत होता, आणि डोळ्यांपुढे त्या ओणव्या बाया हलत होत्या. पन्नास-साठ पावलांवर श्वास येईचना. तो धुऱ्यावर बसला, म्हणजे पायच मोडले त्याचे.

“अगा शालीकभाऊ!” बांधीतून एक बाई ओरडली. “तुमचा पावना बसला पाहा!”

तोवर शालीकरामच्या घरी रामकलीचा फोन येऊन गेला होता. बरणीमागे गोळी सापडली, कपड्यांच्या दोरीवर धोतर नाही, मग जायचं ठिकाण एकच. तिनं बहिणीला रडत रडत सगळं सांगितलं, गुरुवारचंसुद्धा.

मिस्त्रीनं मान वर केली तेव्हा शालीकराम चिखल तुडवत येत होता. अनवाणी, मफलर कुठेतरी पडलेला, तोंडानं शिव्यांची लाखोली सुरू. “उठ. उठ म्हनतो ना, मोठा मिस्त्री! पान्याची गोळी घरी ठेवून आलास? ऑपरेशन आहे ते सांगाले तोंड दुखत होतं?” त्यानं मिस्त्रीचा हात आपल्या मानेवर घेतला, कमरेला मिठी मारली आणि त्याला जवळजवळ उचलूनच चालायला लागला. मिस्त्रीचे पाय अर्धेअधिक वरच्यावर चालले होते. पांदण संपेपर्यंत शालीकराम थांबला नाही आणि शिव्याही थांबल्या नाहीत. मिस्त्रीच्या सात पिढ्या, राईस मिल, कंपनी, लॅपटॉप, कोणी म्हणून सुटलं नाही.

टिंकूनं धावत येऊन हातभार लावला. मिस्त्रीला सीटवर नीट बसवून शालीकराम सरळ झाला आणि एकदम गप्प झाला. छातीवर हात ठेवून तो तसाच उभा राहिला. पाच वर्षं अंगणाच्या दारापर्यंत जाऊन आलं तरी तो असाच थांबायचा, आता दम लागेल म्हणून वाट बघत. त्यानं मागे वळून चिखलाची अख्खी पांदण पाहिली. पुन्हा वाट पाहिली. श्वास अगदी सरळ चालला होता.

मिस्त्रीला ते दिसलं आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला.

शालीकराम वाकून ऑटोत शिरला आणि त्याच्याशेजारी दाटून बसला. “टिंकू, दवाखान्यात घे, लौकर,” तो म्हणाला. मग मिस्त्रीचं मनगट घट्ट धरून त्याच्याकडे न बघता म्हणाला, “अना तू आयक. आता मरू नोको. मले तुह्यासंगं अजून पुरतं भांडाचं आहे.”